वर्गशिक्षकपद आल्यावर शिकवणं मागे पडतंय: कुठलं काम धरायचं, कुठलं आखडायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. हायस्कूलमधलं दुसरंच वर्ष, चार तुकड्यांना विज्ञान, आणि यंदा नववीच्या एका तुकडीचं वर्गशिक्षकपदही गळ्यात पडलंय. प्रत्येक तुकडीत ४८ मुलं. हजेरी, वह्या, पालकांचे फोन, मुलांची भांडणं, वार्षिक कार्यक्रमाची तयारी यात दिवस संपतो आणि उद्याच्या तासाची तयारी रात्री अकराला सुरू होते. "मी शिक्षक आहे की कारकून, तेच कळेनासं झालंय. यातलं काय सोडून देऊ?"

कामं फार आहेत हे खरंच आहे. पण तुमचा प्रश्न दोनदा वाचल्यावर वाटलं, जास्त दमवतोय तो भूमिकांचा गुंता. हायस्कूलच्या शिक्षकाचं एकाच मुलाशी तीन प्रकारचं नातं असतं. विषयशिक्षक म्हणून तुम्हाला त्याचा गृहपाठ हवा असतो. वर्गशिक्षक म्हणून तो गृहपाठ का झाला नाही, घरी काही बिनसलंय का, हे जाणून घ्यायचं असतं. आणि परीक्षक म्हणून या दोन्हींचा परिणाम गुणांवर होऊ द्यायचा नसतो. ही तिन्ही वाक्यं एका दमात बोललात, तर मुलाच्या कानात फक्त रागावणं शिरतं. म्हणून एक साधी सवय लावा: गृहपाठाचं तासात बोलायचं, घरचं मधल्या सुट्टीत बाजूला घेऊन, आणि गुणांचं फक्त उत्तरपत्रिका समोर ठेवून. एवढ्यानेही निम्मे वाद उभेच राहत नाहीत.

बरंच काही तुमच्या शाळेवर अवलंबून आहे. समुपदेशक आहे का, आठवड्याला तासिका किती, बदली तास किती लागतात, तुकडी ३० ची की ६० ची, यावर हिशेब बदलतो. तेरा-चौदाच्या मुलांना वर्गशिक्षक जवळ लागतो; सोळा-सतराच्यांना तो हाकेच्या अंतरावर पुरतो. तेव्हा खालचे आकडे जसेच्या तसे उचलू नका, त्यामागचा हिशेब उचला.

माझ्या मते तीन गोष्टी कधीच सोडायच्या नाहीत: हजेरी वाचणं, मुलाची सुरक्षितता आणि तासाची तयारी. बाकी सगळं आखडता येतं, वाटून देता येतं किंवा पुढे ढकलता येतं. हजेरीचं नाव पहिलं घेतलं याचं नवल वाटेल, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करते.

हजेरी घेणं दोन मिनिटांचं काम. हजेरी वाचणं वेगळं, त्याला आठवड्यातून पंधरा मिनिटं लागतात, आणि ते वर्गशिक्षकाशिवाय शाळेत दुसरं कोणी करू शकत नाही. सात-आठ विषयशिक्षकांपैकी प्रत्येकाला मुलाचा एकेक तुकडा दिसतो. अख्खं मूल फक्त तुमच्या हजेरीपटावर दिसतं. आठवड्याच्या शेवटच्या दिवशी पट उघडा आणि आधी आडवी ओळ वाचा: या मुलाचे महिन्यात किती दिवस गेले? कारण कोणतंही असो, एकूण दिवसांच्या १० टक्के किंवा जास्त गैरहजेरी ही धोक्याची रेषा म्हणून बऱ्याच ठिकाणी धरली जाते. वर्षाला २०० दिवस शाळा धरली, तर १० टक्के म्हणजे २० दिवस, म्हणजे महिन्याला जेमतेम दोन. दोन दिवसांची गैरहजेरी कोणाच्याच डोळ्यांवर येत नाही, म्हणूनच ती वर्षभर चालू राहते.

मग वार बघा. एखाद्याची फुली सलग चार आठवडे गुरुवारीच पडत असेल, तर त्या दिवसाचं वेळापत्रक शेजारी ठेवा. गुरुवारी कोणत्या विषयाची तोंडी परीक्षा असते? प्रयोगाचा तास असतो का? खेळाच्या तासाला हटकून गायब होणाऱ्या मुलांमागे पुष्कळदा कपडे बदलण्याचा संकोच असतो किंवा तिथे होणारी चिडवाचिडवी. रोज पहिल्याच तासाला उशीर होत असेल तर गोष्ट निराळी. धाकट्या भावंडाला सोडून यायचं असेल, वाहन चुकत असेल किंवा झोप पुरत नसेल. पौगंडावस्थेत झोप आणणारं मेलाटोनिन हे संप्रेरक रात्री उशिरा स्रवू लागतं. या वयाला ८ ते १० तास झोप लागते, पण साडेअकराच्या आधी डोळाच लागत नाही अशी कितीतरी मुलं असतात. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये माध्यमिक शाळा सकाळी साडेआठच्या आधी भरवू नयेत अशी शिफारस केली, ती याच कारणाने. शाळेची वेळ बदलणं तुमच्या हातात नाही. निदान "आळशी" हा शिक्का तरी पहिल्या झटक्यात मारू नका.

विचारायचं कसं, यावर सगळं ठरतं. "का आला नाहीस?" विचारलंत की "बरं नव्हतं" हे तयार उत्तर मिळतं. "चार गुरुवार नव्हतास. गुरुवार जड जातो का?" असं विचारलं की मूल थोडं थांबतं, आणि त्या थांबण्यातच उत्तर असतं. महिन्यातली तिसरी गैरहजेरी पडली की त्याच दिवशी घरी फोन, हा नियम पाळा. सहाव्या-सातव्या दिवसापर्यंत मागे पडलेला अभ्यास हेच घरी बसायचं नवं कारण होऊन बसतं.

आता वह्या. तुमचा सगळ्यात जास्त वेळ इथे जातोय. चार तुकड्या गुणिले ४८ म्हणजे १९२ वह्या. एका वहीला तीन मिनिटं धरली तरी ५७६ मिनिटं, साडेनऊ तासांहून जास्त. आठवड्यात एवढा मोकळा वेळ कुठल्याच शिक्षकाकडे नसतो. मग व्हायचं तेच होतं: लाल बरोबरच्या खुणा, खाली सही, फार तर "छान". त्यात मुलाला काही मिळत नाही आणि तुम्हालाही मूल कळत नाही.

त्याऐवजी दर आठवड्याला प्रत्येक तुकडीच्या फक्त १२ वह्या घ्या. ४८ वह्या, १४४ मिनिटं, आणि पाच आठवड्यांत प्रत्येक मुलाची वही एकदा नीट वाचली गेली. दहा वह्या हजेरी क्रमांकाने आणि दोन ज्यांची काळजी वाटते त्यांच्या. "ज्यांच्या पूर्ण आहेत त्यांनी आणा" असं कधीच म्हणू नका, मग वर्षभर त्याच पंधरा वह्या तुमच्या टेबलावर येत राहतात. अख्खी वही वाचायची नाही. आधी ठरवलेलं एकच उत्तर शब्द न् शब्द वाचायचं, बाकी पानं चाळायची.

वाचताना शेजारी एक कोरा कागद ठेवा आणि सापडलेल्या चुका त्यावर मांडत जा. समजा धडा गुरुत्वाकर्षणाचा आहे. बारापैकी सात वह्यांत "वजन = ५० किलोग्रॅम" लिहिलेलं निघालं, तर ती सात मुलांची चूक नाही; वस्तुमान आणि वजन यांतला फरक आपल्या शिकवण्यात पुसट राहिला. ज्या वह्या वाचल्या नाहीत त्यांतही तेच असणार. पुढच्या तासाची पहिली दहा मिनिटं अशा दोन-तीन चुकांना द्या. चुकीचं उत्तर फळ्यावर लिहा, नाव कोणाचंच घेऊ नका, आणि यात काय राहिलं ते मुलांनाच शोधू द्या. मग सगळ्या ४८ जणांनी आपापली वही उघडून वेगळ्या रंगाच्या पेनाने दुरुस्ती करायची. बारा वह्या वाचून अठ्ठेचाळीस वह्या सुधारतात.

शेरे लिहिण्याचाही वेळ वाचवता येतो. वारंवार लागणाऱ्या शेऱ्यांना क्रमांक द्या: १ म्हणजे एकक राहिलं, २ म्हणजे आकृतीला नावं नाहीत, ३ म्हणजे विधान आहे पण कारण नाही. तुम्ही समासात फक्त ३ लिहायचं. कारण मुलाने शोधून खाली लिहायचं. आणि जिथे शेरा लिहाल तिथे गुण लिहू नका. संशोधक रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये मुलांचे गट करून हे तपासलं होतं. नुसते शेरे मिळालेली मुलं पुढच्या कामात सुधारली. गुण आणि शेरा दोन्ही मिळालेल्यांत शेऱ्याचा उपयोगच झाला नाही. गुण दिसला की नजर तिथेच थांबते. नोंदीसाठी गुण लागत असतील तर ते तुमच्या वहीत असू द्या.

वही चाळताना आणखी एक गोष्ट दिसते, तिच्याकडे वर्गशिक्षक म्हणून बघा. काही वह्यांत पहिले तीन महिने सगळं जागच्या जागी असतं: पट्टीने आखलेला समास, तारखेखाली रेघ, मथळा वेगळ्या रंगात. मग एका पानापासून समास आखलेला दिसत नाही. आठवड्याभराने तारीख जाते. त्यानंतर वाक्यं अर्धवट सुटलेली, आणि "नंतर पूर्ण करू" म्हणून सोडलेली कोरी पानं. सगळ्यात आधी समास जातो. अशा वहीवर "अक्षर सुधारा, वही पूर्ण करा" लिहून काही होत नाही. समास जिथे थांबला त्या पानाची तारीख बघा आणि हजेरीपटावर त्या आठवड्यात काय दिसतं ते बघा. मग दुसऱ्या दोन विषयांच्या वह्या मागवा. त्या व्यवस्थित असतील तर अडचण तुमच्या विषयात आहे, आणि ती शिकवून सुटेल. सगळ्याच वह्या त्याच सुमारास ढासळल्या असतील तर अडचण वहीबाहेरची आहे.

तासाच्या तयारीचं थोडक्यात सांगते. एका तासाला वीस मिनिटं पुरतात, जर ती योग्य जागी गेली तर. तीन गोष्टी ठरवा: तासात विचारायचे दोन चांगले प्रश्न, मुलं हमखास करतील अशी एक चूक, आणि शेवटच्या पाच मिनिटांत प्रत्येकाने लिहायचं एक उत्तर. सुरुवातीला पुस्तक मिटून तीन लहान प्रश्न: एक कालचा, एक गेल्या आठवड्याचा, एक गेल्या महिन्याचा. आठवून लिहिण्याने पुन्हा वाचण्यापेक्षा जास्त टिकतं, हे मानसशास्त्रज्ञ रोडिगर आणि कार्पिक यांच्या २००६ च्या प्रयोगांत स्पष्ट दिसलं. आणि प्रश्न विचारल्यावर थांबा. विज्ञान-शिक्षणाच्या अभ्यासक मेरी बड रो यांनी वर्गांतल्या ध्वनिमुद्रणांवरून मोजलं तेव्हा शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबत होते. तो वेळ तीन सेकंदांवर नेल्यावर उत्तरं लांबली आणि गप्प बसणारी मुलंही बोलू लागली. तीन सेकंद उभं राहून थांबणं फार अवघड जातं. मनात आकडे मोजा.

शिस्तीबद्दल तुम्ही "ओरडून घसा बसतो" असं लिहिलंय. मानसशास्त्रज्ञ जेकब कूनिन यांनी १९७० मध्ये मांडलेला निष्कर्ष इथे कामाचा आहे. गोंधळ झाल्यावर शिक्षक काय करतात, यात चांगला चालणारा वर्ग आणि विस्कटलेला वर्ग यांत फारसा फरक नव्हता. फरक होता गोंधळाआधी काय केलं जातं यात. म्हणून पहिली दोन मिनिटं बांधून घ्या. मुलं आत येण्याआधी फळ्यावर तीन मिनिटांचं काम लिहिलेलं असू द्या, तुम्ही दारात उभे राहा, काम सुरू झाल्यावरच हजेरी घ्या. प्रयोगाचं साहित्य सूचना संपल्यावर वाटा. आधी वाटलंत तर सूचना कोणीच ऐकत नाही आणि तीच सूचना चार वेळा द्यावी लागते. एका वेळी एकच सूचना.

एवढं करूनही एखादा अडून बसतोच. बोलणं न थांबवता त्याच्या बाकाजवळ जाऊन उभे राहा. नाही भागलं तर हळू आवाजात नाव. तरीही नाही, तर "तास संपल्यावर दोन मिनिटं थांब" एवढंच म्हणून पुढे चला. सत्तेचाळीस प्रेक्षकांसमोर चौदा वर्षांचं मूल माघार घेऊ शकत नाही. त्याला तिथे हरवायला गेलात तर तास तुम्ही हरता. आणि तीन शिक्षा पूर्ण बंद करा. एकासाठी सगळ्या वर्गाला शिक्षा नको, कारण सरळ वागणाऱ्यांचा तुमच्यावरचा विश्वास उडतो. "दहा वेळा लिहून आण" नको, कारण लिहिणं हीच शिक्षा ठरते आणि उद्या तुम्हालाच त्याच्याकडून लिहून घ्यायचंय. वागणुकीचे गुण कापणं नको, कारण मग त्या गुणांवरून त्याला विज्ञान किती येतं हे कोणालाच कळणार नाही, तुम्हालाही.

पालकांचे फोन दमवतात, कारण ते येतात तेव्हा तक्रार घेऊनच येतात. पहिल्या महिन्यात फोन तुम्ही करा. रोज दोन-तीन, प्रत्येकी तीन मिनिटं, आणि मुलाबद्दल पाहिलेली एक खरी चांगली गोष्ट सांगा. "हुशार आहे" असं मोघम नको. "काल शेजाऱ्याला समीकरण समजावून सांगत होती" असं नेमकं. हे खातं आधी भरलेलं असलं की नंतरचा अवघड फोन ऐकून घेतला जातो. अवघड भेटीत क्रम असा ठेवा: तुम्ही पाहिलेलं, तारखेसह, मग "घरी काय दिसतं?" असं विचारून ऐकणं, मग एकच मागणी आणि पुन्हा बोलायची तारीख. एका भेटीत पाच मागण्या केल्या तर एकही होत नाही. मूल समोर असेल तर त्याच्याबद्दल नाही, त्याच्याशी बोला. फोनची वेळ ठरवून ती पालकांना कळवून टाका. मुलांना खाजगी खात्यावरून रात्री संदेश पाठवणं टाळा. वर्गाचा गट असेल तर दुसरा एखादा शिक्षकही त्यात असू द्या.

जिथे घाई चालत नाही अशी एक जागा आहे. एखादं मूल येऊन म्हणतं, "एक सांगायचंय, पण कोणाला सांगू नका." हे वचन कधीही देऊ नका. नंतर मोडावं लागलं तर ते मूल पुन्हा कोणत्याच मोठ्या माणसाकडे जाणार नाही. त्याऐवजी म्हणा, "मी ऐकतेय. तुझ्या किंवा कोणाच्या जिवाला धोका असेल, तर जे मदत करू शकतात त्यांना सांगावं लागेल, आणि कोणाला सांगितलं ते तुला कळेल." मग ऐका. मारहाण, लैंगिक छळ, स्वतःला इजा, काहीही असो, तपास करणं तुमचं काम नाही. "त्याने हात लावला का?" असे उत्तर सुचवणारे प्रश्न विचारू नका, "मग काय झालं?" एवढंच पुरे. जखमांचे फोटो काढू नका. पुन्हा पुन्हा वदवून घेऊ नका. मूल गेल्यावर लगेच त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा, तारीख, वेळ, सही घाला, आणि त्याच दिवशी मुख्याध्यापक किंवा शाळेने नेमलेल्या जबाबदार व्यक्तीला सांगा. ज्याच्यावर आरोप आहे त्याला किंवा त्याच्या घरच्यांना तुम्ही परस्पर फोन करायचा नाही. कायद्याने कुठे, किती वेळात कळवायचं हे वर्षाच्या सुरुवातीलाच विचारून ठेवा.

मरणाची भाषा ऐकली तर सरळ विचारा: "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही भीती चुकीची आहे; उलट बोलायला वाट मिळते. उत्तर हो असेल, किंवा तुम्हाला शंका असेल, तर दुसरी मोठी व्यक्ती येईपर्यंत त्या मुलाला एकटं सोडू नका. पुढचा तास बुडाला तरी चालेल.

वार्षिक कार्यक्रम, भित्तिपत्रक, सहल वगैरे मुलांकडे द्या, पण खरोखर द्या. सहा-सहा जणांचे गट, प्रत्येकाला एक काम आणि एक तारीख. पैसे आणि सुरक्षितता फक्त तुमच्याकडे. आणखी एक छोटं काम शिक्षक कक्षात करता येईल: भिंतीवर महिन्याचा तक्ता लावा आणि तुमच्या तुकडीला चाचणी किंवा प्रकल्प देणाऱ्या प्रत्येकाला तारीख तिथे लिहायची विनंती करा. एकाच बुधवारी तीन चाचण्या आणि एक प्रकल्प आला, तर मुलं चारही वाईट करतात, आणि प्रत्येक विषयशिक्षकाला वाटतं की माझ्याच विषयाला किंमत नाही.

या सगळ्यात एक काम वाढवायलाही सांगणार आहे: प्रत्येक मुलाशी पाच मिनिटं एकटं बोलणं, दार उघडं ठेवून, दिसेल अशा जागी. आठवड्याला चार मुलं घेतली तर बारा आठवड्यांत ४८ होतात. तीन प्रश्न पुरतात. कोणता तास बरा जातो, कोणता जड जातो, मधल्या सुट्टीत कोणाबरोबर असतोस? तिसऱ्या प्रश्नाला "असाच असतो" असं उत्तर आलं तर त्या नावापुढे खूण करा.

आता आठवड्याची बेरीज करू. हजेरी वाचणं १५ मिनिटं, वह्या १४४, पालकांचे फोन ३०, मुलांशी बोलणं २०. एकूण २०९, म्हणजे साडेतीन तास. नुसत्या वह्यांना लागणाऱ्या साडेनऊ तासांच्या जागी हे आहे. तयारीचा वेळ यातूनच सुटेल.

राहिला प्रश्न मुख्याध्यापकांशी कसं बोलायचं याचा. "मला झेपत नाही" म्हणून जाऊ नका. त्याला उत्तर म्हणून फक्त धीर मिळतो. दोन आठवडे प्रत्येक कामाला लागलेली मिनिटं लिहा, ती एका कागदावर मांडा, आणि तो कागद पुढे ठेवून एकच नेमकी निवड विचारा: "वार्षिक कार्यक्रम आणि विज्ञान प्रदर्शन या दोन्हींत माझं नाव आहे. यंदा यातलं कोणतं ठेवू?" पुढच्या सत्राच्या कामांची वाटणी होण्याच्या किमान पंधरा दिवस आधी जा, यादी फलकावर लागल्यावर नाही.